‘व इतर’मधलं तुझं नाव

"सुटली बाई एकदाची. आता तिच्या तारखा बी संपल्या."

तुझ्या तेराव्याची भांडी घासता घासता मागच्या अंगणात गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या. मी आत ओट्याशी उभी राहून पाण्याचे ग्लास भरत होते. खिडकी उघडी होती. दुसरीनं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "व्हय ना. कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या बिचारीनं, अन् मिळालं काय?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सकाळपासून त्याच राबत होत्या. मला खिडकीतून एवढंच सांगायचं होतं, की काकू, संपल्या नाहीत. पण तू मला ओळखतेस. मी ग्लास भरत राहिले. मग हात पुसले, फोनवर कोर्टाचं पान उघडलं आणि तुझ्यासाठी नेहमी करायचे तेच केलं. जिल्हा जालना. न्यायालय भोकरदन. न्यायाधीश. पुढच्या आठवड्यातली तारीख. चौकटीतली कॅप्चाची वाकडी अक्षरं भरली, ‘दिवाणी’वर बोट टेकवलं. यादी उघडली.

आणि मम्मी, तू होतीस. म्हणजे तुझं नाव नव्हतं. ते त्या यादीत कधीच नसतं. ‘गयाबाई व इतर विरुद्ध अंकुश’ एवढंच होतं. पण त्या ‘इतर’मध्ये कोण आहे हे मला माहीत होतं.

तिथं, ओट्याशी, मला हसू आलं. तेराव्याच्या दिवशी हसणाऱ्या मुलीला लोक काय म्हणतील म्हणून मी नळ मोठा सोडला.

तुझ्या आजारपणाबद्दल मी इथं लिहिणार नाही. आलेल्या प्रत्येकाला पप्पांचं ते सांगून झालंय. मला त्या यादीबद्दल लिहायचंय, कारण आपल्या दोघींचं सगळ्यात जास्त बोलणं तिच्यावरच झालं.

आजोबा गेले तेव्हा पिंपळगाव रेणुकाईहून अंकुश मामा तिघी बहिणींसाठी तीन साड्या घेऊन आला होता. आपल्याकडे हे असंच चालतं. भाऊ साडी आणतो, बहीण हक्कसोडीच्या कागदावर सही करते, बापाचं शेत भावाच्या नावावर होतं, आणि बहिणीचं माहेर तिच्यासाठी उघडं राहतं. सगळं हसतखेळत होतं. कागद पुढं आला तेव्हा तू वाचायला मागितलास. सावकाश, अक्षर लावत, शेवटपर्यंत वाचलास. मग साडीची घडी होती तशी मामाच्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "रंग चांगला हाय रे. पण एवढी महाग साडी मला न्हाई झेपायची."

गया मावशीनंही मग सही केली नाही. सुरतेच्या धाकट्या मावशीनं फोनवर विचारलं, "तुम्ही दोघी दावा करून राह्यल्या का? मंग मी बी." असा तो दावा झाला. गया मावशी वादी क्रमांक एक, कारण ती मोठी. तू दोन.

तू एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला. दिवसभर टेबलावर पसरलेल्या बियांमधून फुटकं, पोचट, किडकं वेचायचं. तारखेला भोकरदनला जायचं म्हणजे त्या दिवशीची हजेरी बुडायची. सकाळची एसटी धरून तू जायचीस आणि तिथं कळायचं, की साहेब रजेवर आहेत, नाहीतर आपलं प्रकरण आज बोर्डावरच नाही. बोर्ड म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय काय चालणार त्याची यादी, दाराशेजारी चिकटवलेली. बारीक इंग्रजी टाईप आणि पुढं पुरुषांची गर्दी. तू मागून कुणाला तरी म्हणायचीस, "दादा, जरा आमचं बघता का?" दादा बघायचे. कधी बघितल्यासारखं करायचे.

मग एका संध्याकाळी तू कामावरून आलीस ती चप्पल काढता काढताच बोलायला लागलीस.

"ऋतू, ते बोर्ड म्हणे मोबाइलवर दिसतंय. फुकट. कुणालाबी."

"कुणालाही कसं दिसेल? लोकांच्या केसेस असतात त्या."

"कुणालाबी. वकील मॅडमच्या कारकुनाला मी उलटून ईचारलं. तो म्हणला, मावशी, कोर्ट सगळ्यांचं असतंय. बघ तुला जमतंय का."

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. एवढ्या वर्षांची इंग्रजी शाळा, ती कधी उपयोगी पडायची? पण त्या पानावर आधी न्यायाधीश निवडायचे होते, आणि तुला ते फक्त ‘चष्मेवाले साहेब, जिन्याशेजारची खोली’ एवढेच माहीत होते. तिथं चष्मा लिहिलेला नव्हता. मी अंदाजानं एक निवडले आणि ‘फौजदारी’ दाबलं. ‘सरकार विरुद्ध’ अमुक, ‘सरकार विरुद्ध’ तमुक अशी लांबच लांब यादी आली. तू माझ्या खांद्यावरून बघत म्हणालीस, "अगं, आपण काय चोऱ्या केल्या का?" मग दिवाणी. वाकडीतिकडी अक्षरं मात्र तूच वाचलीस. बियाण्याच्या पोत्यांवरचे लॉट नंबर वाचून तुला इंग्रजी अक्षरं आणि आकडे येत होते. "हे सात हाय, पडलंय जरासं. हे के." माझी भरलेली अक्षरं दोनदा चुकली होती. तुझी बरोबर निघाली. तू पप्पांकडे वळून बघितलंस, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केलेला नव्हता तरी.

त्यानंतरची तारीख तुझ्या साक्षीची होती. सकाळी मी यादी उघडली, तुझं नाव शोधलं. नव्हतं.

"बराबर बघ."

"बघितलं मम्मी. एम अक्षराचं एकच नाव आहे आणि ते दुसऱ्याच बाईंचं आहे."

तू यादी माझ्या हातातून घेतलीस आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलंस, टेबलावर बी निवडतेस तसं. मग खूश होऊन डबा भरलास आणि कामावर गेलीस. हजेरी वाचली म्हणून मीही खूश. दुपारी गया मावशीचा फोन आला. तू जेवायच्या सुट्टीत होतीस, तिचा आवाज तुझ्या टेबलावरच्या सगळ्या बायांनी ऐकला म्हणे. "मंदे, कुठं हायेस तू? पुकारा झाला आपला. साहेब ईचारून राह्यले, दोन नंबरची बाई कुठंय?"

संध्याकाळी वकील मॅडमनी फोनवर समजावलं. यादीत फक्त पहिल्या वादीचं नाव येतं. बाकीच्यांसाठी पुढं तीन इंग्रजी अक्षरं असतात, ओ-आर-एस. म्हणजे अदर्स. म्हणजे व इतर. ती अक्षरं सकाळी मी वाचली होती आणि ते गया मावशीचं सासरचं काहीतरी असेल म्हणून पुढं गेले होते.

तू फोन ठेवलास. मग म्हणालीस, "ओ-आर-एस म्हंजी ते जुलाबावरचं पाकीट ना?"

"मम्मी."

"न्हाई, ईचारून राह्यले. बाप माझा, शेत माझ्या बापाचं, अन् यादीत मी पाकीट."

पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू वकील मॅडमकडून दाव्याची प्रत आणलीस, मला समोर बसवलंस आणि म्हणालीस, "माझं नाव कुठंय ते वाच. मोठ्यांदी."

मी वाचलं. वादी क्रमांक दोन. मंदाबाई. पुढं नवऱ्याचं नाव, वय, राहणार जालना, धंदा घरकाम.

"घरकाम?"

"असं लिहिलंय."

"अन् कंपनीत काय माझी सावली जाती?"

पुढच्या तारखेला मला सुट्टी होती म्हणून तू मला बरोबर नेलंस. खरं कारण मला माहीत होतं. चार लोकांत माझी भीड मोडावी असं तुला वाटत होतं. शाळेत हजेरीच्या वेळी मी ‘प्रेझेंट मिस’ इतकं हळू म्हणायचे, की माझी गैरहजेरी लागायची. ती प्रगतीपुस्तकात दिसली तेव्हा तू शाळेत आलीस आणि बाईंना तुझ्या भाषेत विचारलंस, "पोरगी समोर बसल्याली दिसत न्हाई का तुमाला?" बाईंनी इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. तू माझ्याकडे बघितलंस, मी सांगावं म्हणून. मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, की तिनं बोलायला शिकलं पाहिजे.

तर भोकरदनला. शिपायानं दारात येऊन पुकारा केला, "गयाबाई व इतर!" आणि गया मावशी पदर सावरून उठायच्या आत, कॉरिडॉरच्या त्या टोकाहून तुझा आवाज आला, "हाय साहेब, हाय! इथंच हाय!" लोक वळून बघायला लागले. एक तरुण वकील हसला. मी फरशीकडे बघत राहिले. तू चालत आलीस ती जणू तुझ्याच घरातून दुसऱ्या खोलीत चालली आहेस अशी. आत तुला नाव विचारलं, तू पूर्ण सांगितलंस. धंदा विचारला. मी मागच्या बाकावर होते, मला स्पष्ट ऐकू आलं. "कागदावर घरकाम लिव्हलंय साहेब, ते अर्धंच हाय. मी बियाण्याच्या कंपनीत मजुरी करते." साहेबांनी वर बघितलं, टंकलेखकाला सांगितलं, लिहा.

तू बाहेर आलीस आणि मी तुला पाण्याची बाटली दिली. तू म्हणालीस, "कसं बोलले?" मी म्हटलं, "ठीक." आपल्या दोघींत माझं ‘ठीक’ म्हणजे काय ते तुला कळत असणार, अशी आशा आहे.

दुपारी आपण टायपिंगवाल्यांच्या शेडखाली बसलो. मामा समोर चहाच्या टपरीजवळ गावातल्या एका माणसाबरोबर उभा होता. तू भाकरीचं फडकं सोडलंस, दोन भाकरींवर ठेचा आणि कांदा ठेवून माझ्या हातात दिल्यास. "जा, देऊन ये. त्यानं सकाळपासून खाल्लं नसंल."

मी गेले. मामानं भाकरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय गं ऋतू, वादीनं पाठवली का बहिणीनं?"

"बहिणीनं," मी म्हटलं.

"मंग दे. वादीची असती तर वकिलाला ईचारावं लागलं असतं."

त्याच्याबरोबरचा माणूस म्हणाला, "अंकुशराव, कोर्टात ओढणाऱ्या बहिणीची भाकर गोड लागती का?"

मामानं घास तोडला. "भाकर कुठं बोर्डावर हाय?"

हे मी तुला येऊन सांगितलं तेव्हा तू तोंडाला पदर लावून हसलीस, आणि मग हसणं थांबल्यावरही पदर तसाच ठेवलास. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पिंपळगावचं दार बंद झाल्यापासून तू भावाला फक्त तारखेलाच भेटत होतीस.

म्हणून तर परत येताना एसटीत मी तो विषय काढला. मी सहसा विषय काढत नाही. "मामा इतका चांगला आहे. मग सोडून का देत नाहीस?"

"चांगलाच हाय. म्या त्याला कधी वाईट म्हणलं? चांगल्या भावाला बहिणीचा वाटा देता येत न्हाई व्हय?"

"पण तू वाटा घेऊन करणार काय? तिथं जाऊन पेरणार आहेस का?"

"ते माझं मी बघीन. तुझी बारावीची मार्कशीट आली तवा तुला कुणी ईचारलं का, घेऊन काय करणार म्हणून?"

"ते वेगळं आहे."

"काय येगळं हाय, सांग."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तू राजूरपर्यंत वाट बघितलीस आणि मग तुला डुलकी लागली. तो वाद आपला तिथंच राहिला. नंतर कितीदा तरी मी तो मनात तुझ्याशी घातला, आणि प्रत्येक वेळी तूच जिंकलीस. तुला हे कळवायचं होतं.

यादी मात्र आपण दोघींनी मिळून सोडवली. प्रत्येक प्रकरणापुढं ते आज कशासाठी आहे ते एका शब्दात लिहिलेलं असतं. ‘से’, ‘स्टेप्स’, ‘अनरेडी’. शब्द मला वाचता येत होते आणि अर्थ दोघींनाही लागत नव्हता. तू तिथं बसून ऐकून यायचीस, मी इकडं शोधायचे, आणि संध्याकाळी आपण जोडून बघायचो. ‘से’ म्हणजे समोरच्याचं म्हणणं यायचंय. ‘अनरेडी’ म्हणजे अजून चालवण्याजोगं झालेलं नाही. ‘स्टेप्स’ म्हणजे पक्षकारानं काहीतरी करायचं बाकी आहे, त्याच्यासाठी थांबलंय. आणि अनुक्रमांक म्हणजे वेळ नव्हे. पंचविसावा नंबर आहे म्हणून चहाला गेलेल्या माणसाचा पुकारा आधीच होऊन जातो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. ज्या दिवशी ‘साहेब रजेवर’ हे तू जालन्यात बसून, चहा पिता पिता, मला सांगितलंस आणि एसटी न पकडता कामावर गेलीस, त्या दिवशी तुझी चाल बघण्यासारखी होती.

मग तू ते स्वतःपुरतं ठेवलं नाहीस. तारखेच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या आवारातून तुझा फोन यायला लागला. "ऋतू, एक नंबर लिहून घे. पोटगीचं हाय, आज हाय का न्हाई बघ." मागं बायांचे आवाज. एकदा एक बाई आपलं नाव सांगायला लागली तशी तू तिला थांबवलंस. "नावानं शोधू नको माय. नावं लपतेत तिथं. नंबर अन् साल सांग." तू फोन स्पीकरवर टाकायचीस. मी इकडं कॉलेजच्या जिन्यात उभी राहून सांगायचे, आज आहे, सोळावा नंबर, पुराव्यासाठी आहे, जाऊ नका कुठं. एकदा कुणीतरी म्हणाल्या, "पोरगी बराबर बोलती की." आणि तू म्हणालीस, "बोलती. समोर कुणी नसलं की लई बोलती." सगळ्या हसल्या. मीही.

दवाखान्यात होतीस तेव्हाही एक तारीख आली. तू डोळ्यांनीच फोनकडे खूण केलीस. मी यादी उघडून वाचून दाखवली. ओळ ऐकलीस आणि म्हणालीस, "गयाला फोन लाव. म्हणावं, आले न्हाई, पण हाय."

ते मी जसंच्या तसं मावशीला सांगितलं.

तेराव्याला दुपारी काही बाया आल्या, ज्यांना गल्लीत कुणी ओळखत नव्हतं. पप्पांनी मला हळूच विचारलं, कंपनीतल्या का? नव्हत्या. कुणी धावड्याहून आली होती, कुणी भोकरदनहून. "आम्ही तारखेच्या," त्यातली एक म्हणाली, जसं कुणी म्हणतं आम्ही माहेरच्या. मी सरबताचा ट्रे पुढं केला आणि "घ्या" म्हटलं, तर त्यातल्या नसीम आपांनी माझा हातच धरला. "बेटी, तूच ऋतू ना? आवाज से पहचान लिया. फोनवाली." मग बाकीच्यांना म्हणाल्या, "हीच ती." त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला लपायला जागा नव्हती. पण मम्मी, त्या वेळी लपावंसं वाटलं नाही. एवढ्या अनोळखी बाया भरल्या डोळ्यांनी तुझ्याबद्दल बोलत होत्या आणि मी तुझी होते.

मामा संध्याकाळपर्यंत थांबला. खूप रडला. माहेरची म्हणून दुखवट्याची साडी माझ्या हातात दिली आणि सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

"ऋतू, राग नको धरू. गयाक्काचं अन् धाकटीचं चालू दे तिकडं. पण मंदाक्काच्या मागं तुझं-माझं कशाला? एक सही दे. वकील म्हणतो, वारसांना दावा न्हाई चालवायचा, एवढं लिहून दिलं की झालं. तुझं आजोळ तुला उघडं राहील."

तो मनापासून बोलत होता. म्हणून तर अवघड होतं. साडी माझ्या मांडीवर होती आणि मला कळत होतं की तू जिथं बसली होतीस तिथंच मी बसले आहे. फरक एवढाच, की तुझ्याकडे बोलणं होतं. मी साडी परत केली नाही. ती दुखवट्याची होती, त्यात त्याचं रडणं होतं. पण हो म्हटलं नाही. तो उठून गेला तेव्हा त्याला वाटलं असेल की गप्प आहे म्हणजे तयार आहे. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लोक असाच लावतात.

पप्पांना सांगितलं. तेही वारस आहेत, त्यांची सही लागणार होती. ते म्हणाले, "तुझ्या आईला मी कधी थांबवलं न्हाई. थांबली बी नसती. वारस म्हणून लागायचं असलं तर लागू आपण. पण मला मिलमधून सुट्टी मिळायची न्हाई, तुलाच उभं राहावं लागंल. तिथं बोलावं लागतंय ऋतू. बोलशील?"

मी मान हलवली. ते म्हणाले, "ती मान साहेबाला कशी कळंल?"

वकील मॅडमनी अर्ज तयार केला. तारखेच्या सकाळी मी यादी उघडली. गयाबाई व इतर. पुढं लिहिलं होतं, ‘स्टेप्स’. पक्षकारानं काहीतरी करायचं बाकी आहे. ते काय, हे त्या यादीतल्या कुणापेक्षाही मला नीट माहीत होतं.

एसटीत तुझी खिडकी मिळाली. भोकरदनला बोर्डासमोर नेहमीची गर्दी होती, आणि गर्दीच्या अगदी पुढं नसीम आपा. एका तरुण मुलीला यादीवर बोट ठेवून दाखवत होत्या. "नाम नहीं देखना. नाम छुप जाता है. नंबर बोल." मी मागं थांबून ऐकलं. तुझंच वाक्य होतं, भाषा तेवढी त्यांची. तू कधी शाळेत शिकवायला गेली नाहीस, पण त्या दाराशी तुझा एक वर्ग भरतो.

मामा आला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं मी सही द्यायला आले आहे. मी डब्यातून दोन भाकऱ्या काढल्या, ठेचा ठेवला आणि त्याच्याजवळ जाऊन दिल्या. त्यानं घेतल्या. आणि मग बहुतेक त्याला कळलं, कारण ‘वादीनं का बहिणीनं’ हे त्यानं विचारलं नाही. फक्त म्हणाला, "तिच्यासारखाच झालाय ठेचा." मी म्हटलं, "मामा, सही नाही देणार मी." हळूच म्हटलं, पण त्याला ऐकू गेलं. त्यानं भाकरी परत केली नाही.

"गयाबाई व इतर!"

गया मावशी उठली. मी तिच्यामागं आत गेले आणि सवयीनं शेवटच्या बाकाशी थांबले. वकील मॅडम म्हणाल्या, वादी क्रमांक दोन मयत आहेत, वारसांचा अर्ज दाखल करत आहोत. साहेबांनी कागद चाळला. तेच साहेब, चष्मेवाले. बहुतेक त्यांना बियाण्याची कंपनी आठवली नसेल.

"वारस हजर आहेत?"

मी म्हटलं. म्हणजे माझे ओठ हलले. शाळेतला तोच आवाज, जो पहिल्या बाकापर्यंतही जायचा नाही. टंकलेखकानं मान वर करून इकडंतिकडं बघितलं. वकील मॅडम वळल्या. मामा पलीकडच्या भिंतीशी उभा होता आणि माझ्याचकडे बघत होता.

"वारसांपैकी कोणी आहे की नाही?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

मी बाकाच्या पुढं आले. ‘उपस्थित आहे, महोदय’ असं काहीतरी घरून पाठ करून आणलं होतं, नीट, शुद्ध. ते कुठं गेलं कुणास ठाऊक. जे आलं ते कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत गेलं असणार, कारण बोर्डासमोरच्या नसीम आपा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हाय साहेब. मंदाबाईची मुलगी. इथंच हाय."